नरेश सरांची राणी आणि कमरेची सुपारी

हिंदी मुलखातल्या या पोलाद कारखान्याच्या शहरात, सुपेल्याच्या चौकातून कोहक्याकडे जाताना पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक दुकान लागते. त्याच्या माडीवरच्या खोलीत नरेश कापगते अनेक वर्षांपासून बी.ए.च्या विद्यार्थ्यांना इतिहास शिकवतात. खाली तार गुंडाळण्याचे यंत्र घरघरत असते आणि वर सोळाव्या शतकातले इंग्लंड चालू असते. शिकवण्याची भाषा हिंदी. सरांचे मराठी घरात आणि मराठी मंडळात वापरले जाते.

त्यांचा आवडता धडा पहिल्या एलिझाबेथचा. फ्रेंच राज्यक्रांती ते परीक्षेपुरती उरकतात. राणीच्या धर्मव्यवस्थेवर मात्र ते खुर्ची सोडून उभे राहतात.

"बेटा, रानी को क्या चाहिए था? राज टूटे नहीं. बस. बाप ने पोप से नाता तोड़ा, भाई ने मूर्तियाँ तुड़वाईं, बहन ने लोगों को ज़िंदा जलाया. रानी ने क्या कहा? मन तुम्हारा, इतवार की हाज़िरी मेरी. गिरजे में आओ, खड़े रहो, घर जाओ. इसको कहते हैं अक़्ल."

गुंजन नावाच्या विद्यार्थिनीने एकदा विचारले, "और जो नहीं आया, सर?"

"जुर्माना."

"और जो फिर भी नहीं आया?"

"वो सिलेबस में नहीं है. आगे लिखो."

राणीची जी बाजू सर अभ्यासक्रमाबाहेर ठेवतात, ती थोडक्यात मांडायला हवी, कारण पुढची हकिगत तिच्यावरच उभी आहे. १५५९च्या कायद्यांनी राणी इंग्लंडच्या चर्चची प्रमुख शासक झाली. 'मस्तक' ही वडिलांची पदवी तिने टाळली, सत्ता मात्र तीच ठेवली. नव्या प्रार्थनापुस्तकात प्रसाद देताना म्हणायची दोन जुनी वाक्ये शेजारी शेजारी बसवली गेली. त्यांतल्या एकाने जुन्या श्रद्धेच्या माणसाचे समाधान व्हावे आणि दुसऱ्याने सुधारकाचे. जो रविवारी आला नाही त्याला आरंभी किरकोळ दंड होता. पुढे तो इतका वाढवला गेला की सुखवस्तू घरेही त्याने बुडाली. जुन्या पंथाच्या धर्मगुरूंना फाशी झाली ती राजद्रोहासाठी, म्हणजे श्रद्धेपायी कोणी मेले नाही असे सरकारला म्हणता यावे. या व्यवस्थेला सहिष्णुता म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः तिचे राजकीय आणि धार्मिक उद्दिष्ट एकच होते: लोकांनी एका छताखाली एकच विधी करावा, तो करता करता जुनी श्रद्धा, ती जाणणारी माणसे गेल्यावर, आपोआप विझावी, आणि ती कोणी विझवली हे कोणाला सांगता येऊ नये.

या व्यवस्थेत एक अडचण होती, ती बायकांची. विवाहित स्त्रीच्या मालकीचे कायद्याने काहीच नव्हते, त्यामुळे तिच्याकडून दंड घेणार कसा? नवरा चर्चला जाई आणि बायको घरी बसे. यॉर्क शहरातल्या एका खाटकाची बायको अशीच होती. नवरा राणीच्या चर्चमध्ये नियमित हजर असे आणि बायकोबद्दल होणारा दंडही भरी. पुढे धर्मगुरूंना आश्रय दिल्याच्या आरोपावरून तिला उभे केले, तेव्हा तिने न्यायालयापुढे बाजू मांडायलाच नकार दिला, कारण खटला चालला असता तर पोटच्या मुलांना साक्ष द्यावी लागली असती. न बोलणाऱ्याला त्या कायद्यात एकच शिक्षा होती. तिच्या अंगावर दार ठेवून त्यावर दगड रचले गेले.

नरेश सर साकोलीकडच्या शेतकरी घरातले. वडील पोलाद कारखान्यात खलासी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागले आणि रोलिंग मिलमध्ये निवृत्त झाले. सरांचा जन्म टाउनशिपच्या क्वार्टरमधला. एम.ए.ला पहिला वर्ग मिळूनही कायमची नोकरी लागली नाही. काही वर्षे पाहुणे प्राध्यापक म्हणून काढल्यावर त्यांनी क्लास सुरू केला. कॉलेजने न दिलेला अधिकार त्यांना कोहक्याच्या मराठी मंडळाने दिला. त्या अधिकाराची त्यांना फार गोडी होती, हे त्यांच्याविषयी सांगण्याजोगे पहिले सत्य आहे.

मंडळात दोन तट होते. दुर्ग लाईनवर नोकरी केलेली नागपूरकडची रेल्वेची कुटुंबे एका बाजूला, भंडारा-गोंदियाकडून कारखान्यात आलेली कुटुंबे दुसऱ्या बाजूला. रेल्वेवाल्यांना गुरुजी आणि अथर्वशीर्ष हवे, कारखानेवाल्यांना खंजिरीचे भजन. भांडण इतके चिघळले की एकाच गल्लीत दोन गणपती बसले आणि दोन्हीकडचे लाउडस्पीकर एकमेकांकडे तोंड करून वाजू लागले. सर अध्यक्ष झाले आणि त्यांनी हे मिटवले. एक मूर्ती, एक आरती, एक छापील पुस्तिका. पुस्तिकेत आधी अथर्वशीर्ष, मग खंजिरीची दोन भजने, मधे रेघसुद्धा नाही. पहिल्या दिवशीच्या स्थापनेला प्रत्येक सभासदाने पत्नीसह उपस्थित राहायचे, आणि जे घर येणार नाही त्याला वर्षभर मंडळाचा हॉल मिळणार नाही, हा नियमही त्यांचाच. कल्पना कुठून आली हे ते लपवत नसत. "साडेचारशे वर्षांपूर्वी एका बाईला जे सुचलं ते आपल्याला सुचायला काय हरकत आहे?" असे ते सभेत म्हणाले होते.

नियमाचा पहिला फटका सुखरामला बसला. हा कारखान्याच्या भट्टीवरचा कामगार. स्थापनेच्या दिवशी त्याची सकाळची शिफ्ट होती आणि बदली मिळाली नाही. पुढच्याच महिन्यात त्याची आई वारली. तेरवीसाठी तो हॉल मागायला आला तेव्हा सरांनी खेद व्यक्त केला आणि नियम वाचून दाखवला. सुखरामने रस्त्यावर मांडव टाकून तेरवी केली. येणारे-जाणारे ट्रक पंगतीत धूळ उडवीत गेले.

आता बेबीताईंविषयी. सरांची पत्नी रामटेकजवळच्या एका महानुभाव घरातली. त्या पंथात पंचकृष्ण या पाच अवतारांवाचून इतर देवतेची पूजा नाही आणि इतर देवतेचा प्रसादही घेत नाहीत. परंतु पंथात जन्मणे वेगळे आणि उपदेश घेणे वेगळे. गुरूकडून रीतसर उपदेश घेतला की आचार बंधनकारक होतो. बेबीताईंनी लग्नाआधी तो घेतला नव्हता आणि लग्नानंतर सासरी देवीचे देवघर होते. त्या रोज सकाळी त्या देवघरात दिवा लावीत आणि नंतर शिलाईच्या यंत्रामागच्या कोनाड्यात ठेवलेल्या माहेरच्या गुरूंच्या तसबिरीला मनोमन दंडवत करीत. मंडळाच्या आरतीला त्या दरवर्षी जात, हात जोडून उभ्या राहत. प्रसादाचा मोदक पदराखालून शेजारच्या तुळसाबाईंच्या हातात जाई. रेल्वेतल्या गँगमनच्या या विधवेला ते गुपित पहिल्या वर्षीच कळले होते. "हिच्या वाटचे मोदक खाऊखाऊच माही शुगर वाढली," असे त्या डॉक्टरलासुद्धा सांगत.

सरांना सगळे ठाऊक होते. आपण बायकोला कधी काही विचारले नाही, याचा त्यांना अभिमान होता. घर हेच आपले इंग्लंड, असे ते मित्रांना हसत सांगत. इंग्लंडने त्यावर कधी मत दिले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात बेबीताई माहेरी गेल्या असताना आश्रमात जाऊन त्यांनी उपदेश घेतला. परतल्यावर ते कोणाला सांगितले नाही; देवघरातला दिवा घरचे काम म्हणून लावीत राहिल्या, हात मात्र जोडले नाहीत. श्रावणात मंडळाची बैठक झाली, आणि त्या वर्षीच्या स्थापनेला यजमान म्हणून अध्यक्ष सपत्नीक बसतील असे ठरले. सर घरी आले ते पेढे घेऊनच.

"अजी, एक सांगाचं होतं," बेबीताई ब्लाऊजला काजे करता करता म्हणाल्या. "मी बसणार नाही."

"कुठं?"

"पूजेले. उपदेश घेतला मी. आता दुसऱ्या देवाची पूजा माह्याच्यानं होत नाही."

सरांनी पेढ्यांचा खोका शिलाईच्या यंत्रावर ठेवला. "अवं, मी तुले कधी इचारलं का, मनात काय हाय म्हणून?"

"नाही इचारलं. एकदाही नाही इचारलं."

"मंग? पाटावर बसाचं, हात जोडाचे, मनात तुह्या देवाचं नाव घ्याचं. कोन पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिली ना."

"पन इतकी वर्सं तं येत होती!"

"तवा उभी राहत होती. आता बसा म्हंता. आन तवा शब्द दिलेला नव्हता कोणाले." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुम्ही बसा, मी अडवत नाही. मले ओढू नका."

सरांनी पुढचे आठ-दहा दिवस युक्तिवादात घालवले. त्यांनी समाजाची एकी सांगितली, अध्यक्षपदाची लाज सांगितली. शेवटी मुलीचे नाव काढले. रोशनी दुर्गच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. जामुलच्या एका कुटुंबाशी तिचे ठरले होते आणि दिवाळीनंतरचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मंडळाच्या हॉलमध्ये व्हायचे होते. "तू नाही आली तं नियम आपल्यालेच लागते. पोरीचं साक्षगंध कुठं करशीन? रोडवर?"

"सुखरामनं नाही केली का मायची तेरवी?" बेबीताई म्हणाल्या.

यानंतर सरांनी गुरुजींना गाठले. गुरुजी दुर्गचे, व्यवहारी गृहस्थ. त्यांनी तोडगा तत्काळ दिला. यजमानाची पत्नी हयात नसेल, किंवा गावाबाहेर असल्यामुळे येऊ शकत नसेल, तर तिच्या जागी कमरेला सुपारी खोचून तो विधी करू शकतो. अशी सोय आहे, असे ते म्हणाले. 'सोय' हा शब्द सरांना लगेच पटला. बायकोवर जबरदस्ती नाही, नियमाचा भंग नाही, मूर्तीपुढे जागा रिकामी नाही. राणीच्या मंत्र्यांनाही यापेक्षा स्वच्छ मार्ग सुचला नसता. बेबीताई रामटेकला गेल्या आहेत एवढे सांगायचे होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी बायकोला फक्त सुचवले, "उद्या बाहेर नको निंगजो." बेबीताईंनी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. गिऱ्हाइकांचे सणाचे ब्लाऊज अडून होते आणि घरात पांढरा दोरा संपला होता.

स्थापनेच्या सकाळी हॉल भरला. पुढच्या रांगेत रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले गुलाबराव, मागे कारखान्याची मंडळी, डावीकडे बायका. सर सोवळे नेसून पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा होता. गुरुजींनी सुपारी दिली, सरांनी ती कमरेला खोचली. ही गोष्ट पुरुषांच्या फारशी लक्षात आली नाही. बायकांच्या बाजूला मात्र कुजबुज थांबली.

"नरेश सर," तुळसाबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात दुर्वांची जुडी होती. "बेबी कुठं हाय?"

"रामटेकले गेली, काकू."

"कवा?"

"काल."

"मंग आज सकायी सुपेल्यात मले भेटली थे कोन होती? माह्या हातात दुर्वा, तिच्या हातात दोऱ्याचे रिळं. भूत रिळं घेते का गा?"

मागून हशा आला. गुरुजींनी मंत्र सुरू केला. तुळसाबाई बसल्या नाहीत.

"थांबा हो महाराज, देव काई पळून नाही जाऊन राहिला. नरेश, तुह्या कमरेले काय हाय?"

'सर' गेले आणि 'नरेश' उरला, हे सगळ्यांनी ऐकले.

"सुपारी, काकू. शास्त्रात सोय आहे." सर सभेची भाषा बोलू लागले.

"सोय मले नको सांगू. माह्या पोरीच्या लग्नात मी खोचली होती सुपारी. ह्यायले जाऊन वरीस झालं होतं. कन्यादान होयेपर्यंत कमरेले टोचत होती, आन मी मनात म्हनत होती, हे इथंच हायेत, इथंच हायेत. जित्या बायकोची सुपारी खोचतेत का रे? घरी बसून शिवून राहिली थे!"

"काकू, आरती होऊ द्या," गुलाबराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता आणि तो त्यांनी लपवला नाही. सरांनी एकी केल्यापासून गुलाबरावांचे अध्यक्षपद गेले होते.

आरती झाली. पुस्तिकेतले दोन्ही भाग म्हटले गेले. प्रसाद वाटताना तुळसाबाईंनी एकच मोदक घेतला. दुसरा पुढे आला तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. "मेलेल्या बाईच्या वाटचा मी नाही खात."

विसर्जनानंतर मंडळाची बैठक बसली. विषय गुलाबरावांनी मांडला. जे घर सपत्नीक आले नाही त्याला नियम लागतो. अध्यक्षांचे घर सपत्नीक आले की नाही, एवढे सांगावे. आवाज शांत होता.

"उपस्थिती पूर्ण होती," सर म्हणाले. "पत्नीच्या स्थानी सुपारी होती. विधीमध्ये कोणतीही त्रुटी राहिलेली नाही."

तेव्हा सुखराम उठला. तो बैठकीत एरवी बोलत नसे. "सर, माह्या मायच्या तेरवीले मी तुमच्या पायरीवर आलतो. मी म्हनलं, शिफ्ट होती. तुम्ही म्हनले, नियम हाय. माही शिफ्ट नाही चालली. तुमची सुपारी कशी चालते?"

"सुखराम, ते वेगळं. शास्त्रात शिफ्टची तरतूद नाही."

"म्हंजे मी भट्टीवर जिता होतो हे माहं चुकलं," सुखराम म्हणाला. "मेलो असतो तं हॉल भेटला असता."

गुलाबरावांनी संधी सोडली नाही. "नरेशराव, सरळ करा ना गोष्ट. वहिनी हायेत, तं त्या आल्या नाहीत, हॉल गेला. सुपारी बरोबर हाय, तं वहिनी रामटेकले नव्हत्या, म्हंजे हयातच नाहीत. दोन्हीतलं एक सांगा, आम्ही तसं लिहून घेतो."

इथे सरांना मार्ग मोकळा होता. नियम चुकला असे त्यांना म्हणता आले असते. सुखरामची क्षमा मागता आली असती. माझी बायको या पूजेला बसत नाही आणि तिला न बसण्याचा अधिकार आहे, हे एक साधे वाक्यही चालले असते. त्यांनी यांतले काहीच केले नाही. जी सत्ता हजेरीवर उभी राहते तिला खऱ्या माणसाची अनुपस्थिती सहन होत नाही. तो माणूसच अस्तित्वात नाही, असे म्हणणे मात्र तिला परवडते.

"सुपारी बरोबर आहे," सर म्हणाले. "तसे कार्यवृत्तात नोंदवावे."

ते नोंदवले गेले. हॉल वाचला.

वार्ता घरी त्यांच्या आधी पोहोचली होती. सर दारातून आत आले, चपला काढल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "चाय मांड वं."

शिलाईचे यंत्र चालूच राहिले. शिवण संपवून बेबीताई म्हणाल्या, "सुपारीले सांगा."

त्या दिवसापासून त्यांनी सरांशी बोलणे बंद केले. स्वयंपाक होत असे, ताट झाकून ठेवलेले असे. हाकेला उत्तर मिळत नसे. दुसऱ्या सकाळी देवघरातला दिवा लागला नाही. सरांनी विचारले तेव्हा रोशनीने निरोप सांगितला, "आई म्हणते, मेलेल्या बाईले देवघर पुसता येत नाही." कोनाड्यातली तसबीर यंत्रामागून निघाली आणि पुढच्या खोलीत भिंतीवर लागली. सरांनी तिच्याकडे पाहिले. काय म्हणणार? कागदोपत्री या घरात ती तसबीर लावणारे कोणी उरलेच नव्हते.

थोड्या दिवसांनी तुळसाबाई आणखी दोघी-तिघींना घेऊन आल्या. "काय वं, तुही तेरवी करून राहिली का नाही? आमी जेवाले आलो."

"या, बसा. दंडवत," बेबीताई हसत म्हणाल्या. "मेल्यावर भजे चांगले जमून राहिले मले."

भजी तळली गेली. आतल्या खोलीत सर परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. त्यांच्यापर्यंत भजी आली, तीही तुळसाबाईंच्या हातून. "खा रे," त्या म्हणाल्या, "बायकोच्या तेरवीचं नवऱ्यानं खाल्लं पाहिजे."

दिवाळी झाली. साक्षगंधाचा दिवस जवळ आला तशी सरांनी हॉलची किल्ली आणली आणि जेवताना ती ताटाशेजारी ठेवली. रोशनीने ती उचलून त्यांच्याकडे सरकवली.

"बाबा, मुझे नहीं चाहिए वो हॉल. मी नाही करणार तिथं."

"अवं, तुह्यासाठीच तं इतकं सगळं केलं मी!"

"माह्यासाठी नका सांगू. हॉलसाठी आईले मेलेली म्हनले, आन नाव माहं लावून राहिले." रोशनीने बी.ए.ला बापाच्याच क्लासमध्ये राणी पाठ केली होती. अभ्यासक्रमात नसलेली खाटकाची बायको तिला नंतर ग्रंथालयात सापडली होती. "तुमच्या राणीच्या लोकांयनं त्या बाईले मारलं आन मग मेली म्हनलं. तुम्ही तं सीधा लिख दिया."

"तुले हे कोनं शिकवलं?"

"तुम्ही. जे नाही शिकवलं, त्याच्यातनं."

साक्षगंध घराच्या गच्चीवर झाले. जामुलची मंडळी दुपारी आली. वराचे वडील सिमेंट कारखान्यात फोरमन, गुडघ्याने अधू. जिना चढता चढता त्यांनी हॉलची चौकशी केली. "हॉल रिकामा नाही होता का?" बेबीताई म्हणाल्या, "होता. आमाले गच्ची बरी वाटली." चादरी अंथरल्या होत्या, दोन्हीकडच्या आईबापांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. बापाची खुर्ची रिकामी होती. सर खाली फाटकाशी उभे होते. रागावून उभे होते की लाजून, हे सांगणे कठीण आहे. हॉलची किल्ली त्यांच्या खिशात होती आणि त्या दिवसासाठी हॉल त्यांच्याच नावे होता.

वराच्या आईने विचारले, "व्याही कुठं हायेत?"

तुळसाबाई या क्षणाचीच वाट पाहत होत्या. त्यांनी चंचीचे बंद सोडले आणि दोन बोटांत धरून एक सुपारी वर केली. "हे घ्या वं बाई. ठेवा खुर्चीवर. शास्त्रात सोय हाय."

बायका खदखदल्या. रोशनीसुद्धा हसली. जामुलच्या मंडळींना काही कळले नाही. इतक्या दिवसांचा हिशेब एका सुपारीत चुकता होणार होता, आणि तो चुकता करण्याचा अधिकार बेबीताईंचाच होता, याविषयी गच्चीवर कोणाचे दुमत नव्हते.

बेबीताईंनी सुपारी घेतली आणि तुळसाबाईंच्या चंचीत परत टाकली.

"नाही, काकू. मानूस जिता हाय, थे खाली उभं हाय." त्या कठड्याशी गेल्या. दोन महिन्यांनंतर त्या प्रथमच नवऱ्याशी बोलत होत्या, आणि आवाजात माया नव्हती. "अजी. वर या. तुमच्या जागी दुसरं काही ठेवाले मले येत नाही."

सर वर आले आणि खुर्चीवर बसले. कोणी त्यांच्याशी बोलले नाही, तरी त्यांना धरून विधी पूर्ण झाला. वराच्या आईने रोशनीची ओटी भरली. पेढा सर्वांच्या हातात गेला, सरांच्याही.

मंडळाचा नियम तसाच आहे. कार्यवृत्तातली नोंद कोणी खोडलेली नाही. बेबीताई आता आरतीला जात नाहीत आणि त्यांना कोणी विचारतही नाही. सुखरामने मंडळ सोडले. सुपेल्याच्या माडीवर राणी अजून पहिल्यासारखीच शहाणी आहे. कोहक्याच्या घरात देवघराचा दिवा सरच लावतात, आणि काडेपेटी कुठे असते हे त्यांना रोज शोधावे लागते. बेबीताई यंत्रावरून मान वर करून ते पाहतात. सांगत नाहीत.